कारण : वाचक नाही

ग्रंथपालाला दिवसभर पुस्तकं वाचायला मिळतात, असा एक गोड गैरसमज आहे. मिठाईच्या दुकानातला माणूस दिवसभर पेढे खात बसत नाही, तसंच हे. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं काढली. सकाळी कुलूप उघडायचं, झाडायचं (शिपायाची जागा मंजूर होती, शिपाई नव्हता), पेपर लावायचे, पंखा सुरू करायचा. पंख्याखाली बसायला येणारे बारा आणि वाचायला येणारे तीन. संध्याकाळपर्यंत पाय असे भरून यायचे की घरी गेल्यावर पुस्तकाचं नाव काढलेलं नको वाटायचं.

गावाचं नाव लिहीत नाही. महागावच्या रस्त्यानं जाणारे-येणारे ओळखतील, आणि ज्यांनी ओळखू नये असं मला वाटतं तेही ओळखतील.

बाहेरच्यांसाठी कामाचं थोडं सांगते. पुस्तक आलं की ते दाखल नोंदवहीत चढतं, त्याला क्रमांक मिळतो, आत शिक्का बसतो. शेवटच्या कोऱ्या पानावर एक कागद डकवायचा, तारखांच्या रकान्यांचा. आम्ही त्याला तारीखपट्टी म्हणतो. कुणी पुस्तक घरी नेलं की परतीची तारीख तिच्यावर उमटते. पट्टी भरली की दुसरी डकवायची. पट्टीकडे नुसतं बघून मी सांगू शकायचे की हे पुस्तक गावात किती फिरलं, कापूस वेचणीच्या दिवसांत किती पडून राहिलं. माणसांचा हात बघणारे असतात, मी पुस्तकांची पट्टी बघायची. त्याचा मला गर्व होता, हे कबूल करते.

वाचकही एकेक नमुने. एस.टी. डेपोतले एक कंट्रोलर वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात एकतिसाव्या पानावर पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचे, म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी जायला नको. मी दर वर्षी मोजणीच्या वेळी ठिपके खोडायची आणि ते दर वर्षी जुनी पुस्तकं नव्यानं न्यायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एक आजी होत्या, त्यांची मागणी ठरलेली, ‘जिच्यात सासू लवकर मरते अशी दे वं बाई.’ त्यांची स्वतःची सूनही आमची सभासद होती आणि तीही तेच मागायची. दोघींची कार्डं मी शेजारीशेजारी ठेवायची, आणि दिवस जरा हलका जायचा.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते. किती दिवस टाळलं.

आमच्या कपाटात ‘घाटातली रूपली’ नावाची एक कादंबरी होती. इंग्रजांच्या काळातली, लाल कापडी बांधणीची, जाड कागदाची. लेखक कुणी जंगल खात्यातले कारकून असावेत. त्यांचं दुसरं पुस्तक मी कधी पाहिलं नाही. नोकरीला लागले त्या पहिल्या उन्हाळ्यात एका सुस्त दुपारी मी ती वाचली होती. भोसल्यांच्या फौजेला मीठ आणि धान्य पुरवणारा लमाणांचा तांडा, त्या तांड्याच्या नाईकाची मुलगी रूपली, आणि घाटातल्या चौकीवरचा शिपाई मानाजी. तांडा चालता, शिपाई एका जागी बांधलेला. शेवटी रूपली हट्टाला पेटते, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तांडा तिच्यासाठी डोंगरावरच बैलांवरचं ओझं कायमचं उतरवतो. त्या वयात मला ती फार आवडली. प्रस्तावना मात्र मी सोडली. प्रस्तावना आपण सगळेच सोडतो, ग्रंथपाल जरा जास्तच.

नंतर तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला : जागा अपुरी, न फिरणारी जुनी पुस्तकं बाद करा. याला आमच्यात निर्लेखन म्हणतात. यादी करायची, प्रत्येक पुस्तकासमोर कारण लिहायचं, कार्यकारी मंडळाची मंजुरी घ्यायची आणि पुस्तकं रद्दीत. कारणं ठरलेली असतात : फाटले, वाळवी, पाने गहाळ, वाचक नाही. मी महिनाभर पट्ट्या बघत बसले. पाठ मोडून गेली. ‘घाटातली रूपली’ची पट्टी उघडली तर कोरी. बारा वर्षांत एक तारीख नाही. मी लाल शाईनं लिहिलं, ‘कारण : वाचक नाही’, आणि पुढचं पुस्तक घेतलं. हात थबकला वगैरे काही नाही. लेखक लोक तसं लिहितात, माझा हात थबकला नाही.

त्यानंतर चार वर्षांनी, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात, सोमवारी बाजाराच्या दिवशी भावसिंगभाऊ टेबलाशी आले. भावसिंग आडे, डोंगरावरच्या तांड्यातले. वरचा तांडाच म्हणतात त्याला. सत्तरीचे, डोक्याला पांढरा फेटा, हातात बाजाराची थैली. हा माणूस मला पंधरा वर्षं तोंडओळखीनं माहीत होता. दर सोमवारी बाजार करून यायचे, थैली दाराशी ठेवायचे, खिडकीजवळच्या बाकावर तासभर बसायचे आणि राम राम करून जायचे. पेपर चाळत असतील, अशी माझी समजूत. सोबत त्या दिवशी त्यांची सून होती, सुनीता. बारावी झालेली, गावाच्या वनहक्क समितीवर होती.

ती म्हणाली, “बाई, मामाजी म्हणतात तुमच्याकडं एक पुस्तक हाय. आमच्या तांड्याचं. त्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स पाह्यजे. दाव्याले लावाची हाय.”

दावा काय ते सांगते. वरचा तांडा जंगलजमिनीवर तूर-ज्वारी करतो. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना अशी जमीन नावावर मिळावी असा कायदा आहे, पण आदिवासींच्या यादीत नसलेल्या तांड्याच्या लोकांना तिथली तीन पिढ्यांची वस्ती दाखवावी लागते. तीन पिढ्यांपूर्वी यांच्या घरी कागद कुठला? एकदा दावा ‘पुराव्याअभावी’ परत आला होता. आता फेरसुनावणी होती. या वेळी परत आला तर सातबारा विसरा, जंगल खातं उद्या कुंपण घालेल, असं सुनीतानं मला समजावलं.

“कोणतं पुस्तक?” मी विचारलं.

“रूपलीचं,” भावसिंगभाऊ म्हणाले. “त्यात पहिल्याच पानावर लिवलं हाय न. आमच्या थावरू नाईकानं सांगतलेली गोष्ट हाय ते. थावरू नाईक म्हंजे माह्या आज्याचा बाप.”

मी नोंदवही उघडली. नोंद होती, प्रकाशनाच्या वर्षासकट, जुन्या कुणा ग्रंथपालाच्या सुंदर अक्षरात. आणि तिच्यावरून आडवी रेघ, लाल शाईची, माझी.

सांगणं भाग होतं. सांगितलं. सुनीता नोंदवहीकडे बघत राहिली. भावसिंगभाऊ हळूच बाकावर बसले.

“म्हंजे ते आता नाही?”

“नाही, भाऊ. कुणी नेतच नव्हतं. पट्टी कोरी होती.”

“मी वाचत होतो न, बाई. दर सोमवारी.”

मग एकेक निघालं. शाळा चौथीपर्यंत. एका सोमवारी दीड-दोन पानं व्हायची. पुटपुटत पाठ करायची, थैली उचलायची आणि डोंगर चढायचा. तांड्यावर लोक वाट बघत बसलेले असायचे, रूपलीचं पुढं काय झालं म्हणून. दोन अडीच वर्षांत एक आवर्तन, असं त्यांनी पाच वेळा केलं होतं, आणि सहाव्यांदा निम्म्यावर असताना पुस्तक दिसेनासं झालं; पाठ असलं तरी त्या सोमवारी वाचल्याशिवाय पुढचं सांगायचं नाही, असा त्यांचा नेम होता. वाचून झालं की पुस्तक जिथल्या तिथं, लाल पाठ बाहेर करून ठेवायचे. सगळा तांडा माझ्या वाचनालयाचा वाचक होता आणि माझ्या पट्टीला पत्ता नव्हता.

“घरी काहून नाही नेलं?” मी जरा चिडूनच विचारलं. चूक आपली असली की आवाज चढतो.

“तुमीच म्हनलं होतं न बाई, गावातल्या सभासदाची सही आना म्हनून. मले गावात कोन सही देते?”

म्हटलं असेन. सभासद व्हायला गावातल्या एका सभासदाची शिफारस लागते, नियमच आहे. अशा शेकडो जणांना मी तो मान वर न करता सांगितला आहे.

“आणि पुस्तक दिसेना तेव्हा विचारलं का नाही मला?”

ते जरा हसले. “मले वाटलं, कोनं तरी घरी नेलं. म्हनलं चांगलं झालं, अजून कोनाले तरी आवडलं. आननच वापस. दर सोमवारी पाहून जात होतो मी.”

चार वर्षं. त्या दिवशी मी दुपारचा डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याची एस.टी. धरून रज्जाकभाईंकडे गेले. रज्जाकभाई आमचे बाइंडर, माझ्याआधीपासूनचे. रद्दी द्यायच्या आधी आमच्याकडची जाड कागदाची पुस्तकं ते मागून न्यायचे, आणि मी द्यायची. जुना कागद ते दुसऱ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्याला अस्तर म्हणून लावत. बाहेरून दिसत नाही, पण बांधणी पक्की होते.

“लाल कपडेवाली?” ते डोळे मिटून म्हणाले. “याद हाय ना. ऐसा कागज आता मिळत नाही, बाई. तुमचीच त्या सालची बाइंडिंग होती, तिच्यात लावला मी. आता तुमच्याच कपाटात पहा.”

म्हणजे बाद केलेलं पुस्तक तुकड्या-तुकड्यानं पुन्हा माझ्याच कपाटात येऊन बसलं होतं. मी आणि सुनीतानं पुढचे तीन दिवस त्या वर्षी बांधलेली पुस्तकं खाली काढली. ब्लेडनं पाठ उसवायची, ओला बोळा फिरवून खळ सैल करायची, अस्तर सोडवायचं. जन्मभर पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला मी खडसावलं, आणि आता स्वतःच्या हातानं पुस्तकं फाडत होते. कंट्रोलर साहेब दारातूनच हे बघून, हातातलं पुस्तक काखेत दाबत परत गेले.

चार पानं सुटली. चारही गोष्टीतली. प्रस्तावनेचं पान नव्हतं. रज्जाकभाईंच्या कात्रीखाली गेलं असेल, किंवा रद्दीत. सुनीता बोटांची खळ धूत म्हणाली, “जाऊ द्या बाई. तुमी केलं तेवढं.” तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सुनावणी उपविभागाच्या कचेरीत होती. मी गेले, नोंदवहीचा उतारा, ती चार पानं आणि पुस्तक बाद केल्याचा पुरावा म्हणून निर्लेखनाची यादी घेऊन. निकाल आजतागायत लागलेला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. आमचा राहिला तेवढा पुरे.

साहेब तरुण होते, सभ्य होते आणि थकलेले होते. त्या दिवसातला अकरावा दावा होता. भावसिंगभाऊंनी उभं राहून सांगितलं की पुस्तक गेलं, पण पहिलं पान मला पाठ आहे.

“म्हणा,” साहेब म्हणाले.

भाऊंनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात केली थेट मुखपृष्ठापासून. “घाटातली रूपली. ऐतिहासिक व शृंगारिक कादंबरी. सर्व हक्क कर्त्याचे स्वाधीन. किंमत बारा आणे.” कोपऱ्यात कुणी तरी हसलं. भाऊ थांबले नाहीत. लिहिलं आहे म्हणजे वाचण्यासाठीच लिहिलं असणार, असं धरून त्यांनी सगळंच पाठ केलं होतं. “सदर कथा मजला घाटमाथ्यावरील तांड्याचे थावरू नाईक यांनी आपल्या विहिरीच्या ओट्यावर बसून सांगितली. हा तांडा तेथे बहुत काळापासून वसत असून ज्वारी व तूर पिकवितो. विहीर त्यांच्या आज्याने खोदिली असे ते सांगतात.”

मी ते पहिल्यांदा ऐकत होते. सत्तावीस वर्षं ते माझ्या कपाटात होतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाबा, हे तुम्ही घरी बसून रचलं नाही हे कशावरून?”

मी ती चार पानं पुढं केली. म्हटलं, “यातलं कुठलंही विचारा.”

साहेबांनी एक पान उचललं आणि पहिले दोन शब्द वाचले, “रूपलीने बैलाच्या...”

“रूपलीने बैलाच्या गळ्यातील घंटा सोडिली,” भाऊ म्हणाले, “व मोहाच्या फांदीस बांधिली. ती म्हणाली, आम्ही उद्या घाट उतरू. वारा सुटला की ही वाजेल. वाजली की समज, मी तुझे नाव घेतले. मानाजीने भाला खाली ठेविला. त्याने तिचा हात आपल्या गालाशी धरिला. रात्र थंड होती, व ती दोघे एका घोंगडीत...”

सुनीतानं पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड केलं. साहेबांचं बोट ओळीवरून सरकत होतं. पान संपलं, साहेबांनी मान वर केली, पण भाऊ पुढं चालूच. घोंगडीतून चौकी, चौकीतून फौज. त्यांच्या हिशेबात पानं नव्हतीच. बऱ्याच वेळानं ते थांबले आणि म्हणाले, “इथवर एक सोमवार झाला, साहेब.”

साहेब हळूच म्हणाले, “शब्दही चुकला नाही.” मला वाटलं, झालं. आता लिहून घेतील.

तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या कारकुनानं मी दिलेली यादी पुढं सरकवली. त्याचं काम तो करत होता. “साहेब, हे पाहा. वाचनालयाचा शिक्क्याचा कागद आहे. सभासदांत यांचं नाव नाही, पुस्तक कधी दिल्याची नोंद नाही. आणि पुढं कारण लिहिलं आहे,” त्यानं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, “वाचक नाही.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, अक्षर तुमचं?”

“माझं.”

“मग यांनी पुस्तक वाचलं कुठं?”

भावसिंगभाऊ माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, “वाचक नाही असं लिवलं तुमी? मी तर तुमाले दर सोमवारी राम राम करत होतो, बाई.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मी साहेबांना म्हटलं, मला लेखी जबाब द्यायचा आहे. त्यांनी कागद दिला. उभ्यानंच, त्यांच्या टेबलावर वाकून लिहिला :

‘निर्लेखन यादीतील कारणाच्या रकान्यात मी केलेली नोंद खोटी आहे. मी पट्टी पाहिली, माणूस पाहिला नाही. या पुस्तकाला वाचक होता. नाव भावसिंग आडे, राहणार वरचा तांडा. पुस्तक होते तोवर ते अकरा वर्षे दर सोमवारी माझ्यासमोर बसून वाचत होते.’

खाली सही केली, सोबत आणलेला वाचनालयाचा शिक्का मारला. साहेबांनी तो कागद दाव्याला जोडला आणि फाइल यवतमाळला पाठवली. ती अजून तिथंच आहे. सुनीता महिन्यातून एकदा चौकशीला जाते.

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले, साधी सभासद म्हणून. सोमवार होता. भाऊ खिडकीशी बसले होते. माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीकडून मी सभासदत्वाचा कोरा अर्ज मागून घेतला. शिफारस करणाऱ्याच्या सहीची जागा सगळ्यात खाली असते. तिथं सही केली आणि अर्ज त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी तो बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचला, काही न सोडता. माझ्या नावापाशी बोट थांबलं. मग घडी करून फेट्यात ठेवत म्हणाले, “आता कोनतं नेऊ, बाई? तांडा चार वर्षांपासून अर्ध्या गोष्टीवर थांबला हाय.”